चाकांवरचे श्रोतागृह
जुन्या बसचा प्रश्न सभेपुढे येण्याआधी चार गोष्टी

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



वर्कशॉपच्या मागे कडुनिंबाखाली उभी असलेली कामगारांची जुनी बस आपण सर्वांनी पाहिली आहे. नवी गाडी आल्यापासून तिचा वापर थांबला. इंजिन चालू स्थितीत आहे, चासी मजबूत आहे, मात्र सीटा फाटल्या आहेत आणि पत्रा दोन-तीन ठिकाणी गंजला आहे. ती लिलावात काढावी असा एक विचार आहे. शेतकी खात्याने दुसरा विचार मांडला आहे. बिगर हंगामात आपल्याच वर्कशॉपमध्ये तिची डागडुजी करून फिरते रेडिओ श्रोतागृह करावे, त्यात दोन माणसांच्या मुक्कामाची सोय असावी, आणि ती गटागटांतून फिरवावी. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. हात वर करण्यापूर्वी सभासदांना पुरती माहिती असावी, म्हणून हा लेख.

दहा आठवड्यांचा प्रयोग

रेडिओ ऐकून शेती सुधारते का, हा प्रश्न आजचा नाही. तो आपल्याच भागात, अगदी शास्त्रशुद्ध रीतीने, १९५६ साली तपासला गेला आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची रेडिओ श्रोता मंडळे चालवली. पुणे, नगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे निवडले होते. आपला सांगली भाग तेव्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. तो या प्रयोगात नव्हता, पण दोन्ही बाजूंचे शेजारी होते. सुमारे दीडशे गावांत मंडळे निघाली. एकेका मंडळात पंधरा-वीस माणसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर तिथेच बसून चर्चा करायची. पटले ते गावात करून पाहायचे आणि अडले ते केंद्राला कळवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तर देई. 'ऐका, चर्चा करा, करून दाखवा' हे त्याचे सूत्र होते. कॅनडात १९४१ पासून अशीच शेतकरी मंडळे चालत होती, त्यांच्याकडून हे सूत्र घेतले होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली. काही गावांत मंडळ होते. काहींत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता. जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या माहितीत भरघोस वाढ दिसली. आता नीट ध्यानात घ्या. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे ही वाढ अगदी थोडी होती.

म्हणजे नुसता सेट टांगून भागत नाही. सेटपुढे बसून बोलणारी माणसे लागतात. हा निष्कर्ष निघाल्यावर १९५९ पासून मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे हातोहाती ट्रान्झिस्टर आले, मग दूरदर्शन आले, जो तो आपापल्या घरात ऐकू-पाहू लागला आणि मंडळे मागे पडली. एकट्याने ऐकलेले कानात राहते, चारचौघांत ऐकलेले शेतात उतरते. या बसच्या योजनेमागे एवढाच विचार आहे.

हुमणीला एकट्याचा इलाज नाही

उसाच्या धंद्यात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हुमणी. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. तिथे पाला खातात, मीलन होते, आणि मादी पुन्हा जमिनीत शिरून पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेली अळी मुळ्या कुरतडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बेट पिवळे पडून हाताने उपटून येते तेव्हा शेतकरी आमच्याकडे धाव घेतो. त्या वेळी औषध आहे, पण खर्चही आहे आणि नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते.

खरा इलाज पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळचा. झाडाखाली कापड अंथरायचे, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळे लावायचे. इलाज सोपा आहे, स्वस्त आहे. अडचण एकच. एकट्याने केला तर उपयोग नाही. तुम्ही तुमच्या बांधावरची बाभूळ झाडली आणि शेजाऱ्याने त्याची झाडली नाही, तर त्याच्या झाडावरचे भुंगेरे रात्री तुमच्याच सरीत उतरणार. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात, लागोपाठ चार-पाच संध्याकाळी हे करायला हवे. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू आहे.

ही सूचना आम्ही पत्रकातून देतो, मोबाईलवर पाठवतो. ती पोचते, यात शंका नाही. पण 'आज संध्याकाळी सात वाजता देवळामागच्या ओढ्यापासून सुरुवात करायची' हे पत्रकाने ठरत नाही. ते चार माणसे एकत्र बसल्यावर ठरते. बस गावात उभी असेल, कार्यक्रम ऐकून झाला असेल आणि कापड, बॅटऱ्या, बादल्या बसमध्येच असतील, तर ऐकणे आणि करणे यांत अर्ध्या तासाचेही अंतर राहणार नाही.

मोबाईल असताना रेडिओ कशाला?

गटसभेत एका वयस्क सभासदांनी मला विचारले, "साहेब, आता पोराच्या हातात सगळं जग आलंय, आणि तुम्ही आम्हाला परत रेडिओपुढं बसवताय व्हय?"

प्रश्न रास्त आहे. मोबाईलचा उपयोग कुणी नाकारत नाही. ऊसनोंदीपासून बिलापर्यंतची माहिती आज त्यावर मिळते. लावलेला कार्यक्रम वेळेवर ऐकता आला नाही तर तो मोबाईलवर ऐकून बसच्या कर्ण्यातून पुन्हा लावता येईल, तशी सोय आपण करणारच आहोत. पण मोबाईल एकाचा असतो आणि ज्याचा त्याच्या खिशात असतो. दहा मजकूर येतात, त्यांतला कोणता खरा आणि कोणता कुणी तरी पुढे ढकललेला, हे कळत नाही. त्यावर शेजारी-शेजारी बसून वाद होत नाही. रेडिओचा कार्यक्रम वेळेवर लागतो, जबाबदार माणूस बोलतो, आणि एका सेटपुढे वीस माणसे बसू शकतात.

त्यावर ते म्हणाले, "मग एक सेट आणून चावडीत ठेवा की. बस कशाला पाहिजे?"

याचेही उत्तर देतो. चावडीतला सेट चावडीपुरता. आपले क्षेत्र विखुरलेले आहे, वस्त्या मळ्यांत आहेत. मळ्यातला सभासद, आणि विशेषतः महिला सभासद, संध्याकाळी गावात येत नाहीत. बस वस्तीवर जाऊ शकते. पावसात पंधरा-वीस माणसांना आडोसा देते, आणि पंधरा-वीस हाच मंडळाचा योग्य आकार आहे हे पुण्याच्या प्रयोगात दिसलेलेच आहे. तिसरे म्हणजे मुक्काम. कार्यक्रम संध्याकाळी, चर्चा जेवणानंतर, भुंगेरे अंधार पडल्यावर, आणि सकाळी उजाडताच प्लॉटवर जाऊन पाहणी. आमचा कृषी सहायक शेवटच्या गाडीची घाई करत असेल तर यातले एकही काम धड होत नाही. म्हणून बसमध्येच निजायची आणि चहा-भाकरीची सोय हवी.

आधी कागद, मग करवत

परदेशात जुन्या बसमध्ये राहण्याची सोय करून, शहरापासून लांब शांत जागी जाऊन दूरदूरची केंद्रे ऐकणारे छांदिष्ट पुष्कळ आहेत. त्यांच्या अनुभवातून घेण्यासारखे बरेच आहे. मात्र आपल्याकडे पहिली पायरी वर्कशॉपची नसून परिवहन कार्यालयाची आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सीटा काढल्या, आत पलंग बसवले, की आसनसंख्या आणि वाहनाचा प्रकार दोन्ही बदलतात. म्हणून नकाशा काढून आधी परवानगी, नंतर काम, नंतर तपासणी आणि योग्यता प्रमाणपत्र, असा क्रम ठेवायचा. विमा कंपनीलाही लेखी कळवायचे. हे न करता गाडी रस्त्यावर आणली आणि काही झाले, तर भरपाईचा बोजा कारखान्यावर, म्हणजे आपणा सर्वांवर पडेल.

लोकांचा आणखी एक गैरसमज असतो. आकाशवाणी ऐकायला आता परवाना लागत नाही. पूर्वी पोस्टात दरवर्षी फी भरावी लागे, ती पद्धत केव्हाच गेली. पण बिनतारी यंत्रावरून बोलायचे असेल तर परीक्षा देऊन केंद्र सरकारचा हौशी बिनतारी परवाना घ्यावाच लागतो. आपली बस ऐकणारी आहे, बोलणारी नाही.

आतली मांडणी

बसचे तीन भाग करायचे. पुढे चालकाची जागा आहे तशीच. मधला मोठा भाग बैठकीचा. तिथे दोन्ही बाजूंना खिडक्यांलगत लांब बाक, मध्ये मोकळी जागा, एका बाजूला रेडिओचे टेबल आणि फळा. मागचा भाग मुक्कामाचा. त्यात एकावर एक दोन पलंग, पाण्याची टाकी, शेगडी आणि कपाट. काढलेल्या सीटांचे लोखंडी सांगाडे बाकांना आणि पलंगांना वापरता येतील. वेल्डर, सुतार, रंगारी आपल्याकडे आहेतच.

वजन दोन्ही बाजूंना सारखे पडले पाहिजे. पाण्याची टाकी एका कडेला आणि दुसरीकडे काहीच नाही, असे झाले तर वळणावर गाडी ओढते. जड वस्तू खाली आणि आसांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर ओझे चढवू नये.

पत्र्याची बस उन्हात तापते, पावसात ताशा वाजल्यासारखी वाजते, आणि आत आवाज घुमतो. यासाठी छताला आतून काथ्याचे किंवा काचलोकरीचे अस्तर आणि त्यावर प्लाय लावायचा. भिंतींना बारदानाचे जाड पडदे करावेत. गोणपाट आवाज शोषून घेते आणि ते आपल्या गोदामात आहे. अस्तर लावण्यापूर्वी गंज घासून लाल ऑक्साइडचा हात मारलाच पाहिजे, नाही तर आतल्या आत पत्रा खाल्ला जातो.

शेगडीसाठी गॅस ठेवला तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साठतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग नाही. अग्निशामक नळकांडे चालकाजवळ एक आणि मागे एक असावे. मागचा आपत्कालीन दरवाजा पलंगाने अडवू नये.

बाहेरच्या बाजूने ताडपत्रीचा मांडव काढता येईल असे कड्या-पाइप बसवायचे. कोरड्या हवेत माणसे बाहेरच बसणार आणि कर्णा खिडकीतून बोलणार.

लोखंडी पेटीत रेडिओ मुका का होतो

चांगला रेडिओ बसमध्ये नेला की त्याचा आवाज बसतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. सेट बिघडलेला नसतो. बस म्हणजे चारी बाजूंनी धातूची पेटी. मध्यम लहरी या पेटीत नीट शिरत नाहीत. केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर असेल तर लहरीची लांबी भरते सुमारे ३७९ मीटर. सांगली केंद्र ज्या १२५१ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षे ओळखले गेले, तिथे ती सुमारे २४० मीटर. एवढ्या लांब लहरीला खिडकीची फट काय पुरणार? एफ. एम.ची लहर जेमतेम तीन मीटरची, म्हणून ती खिडकीतून आत येते. पण ती साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, डोंगर आडवा आला की अडखळते.

उपाय दोन आहेत. पहिला, बाहेर एरियल. बसच्या मागच्या कोपऱ्यावर बांबू उभा करून तिथून शंभर फूट तांब्याची तार समोरच्या झाडापर्यंत किंवा दुसऱ्या बांबूपर्यंत ताणायची. दोन्ही टोकांना चिनीमातीची रिळे किंवा प्लास्टिक पाइपचे तुकडे लावायचे, म्हणजे तार कशालाही टेकत नाही. तिथून केबल आत आणताना खिडकीबाहेर तिला खाली झोळ द्यायचा, पावसाचे पाणी झोळातून गळून पडते आणि आत येत नाही. जमिनीत सळई ठोकून अर्थिंग घ्यायचे. ओली जागा पाहावी. खडकाळ माळ असेल तर सळईभोवती कोळसा-मीठ घालून पाणी ओतावे.

दुसरा उपाय पोरांनाही करता येतो. लाकडी पट्ट्यांची दोन फूट बाजूची चौकट करायची, तिच्यावर तारेचे दहा-अकरा वेढे थोडे अंतर ठेवून घ्यायचे, आणि दोन्ही टोके जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला जोडायची. ही चौकट सेटशेजारी ठेवून कंडेन्सर फिरवला की मंद केंद्र एकदम उठून येते. सेटला तार जोडावीही लागत नाही. चौकट फिरवली की एका दिशेची खरखर कमी करता येते. मात्र हा प्रयोग मांडवात, बसच्या बाहेर करायचा.

रात्री लांबची केंद्रे का येतात, असेही लोक विचारतात. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणारे जवळचे केंद्रच ऐकू येते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. त्यामुळे केंद्रे येतातही आणि एकमेकांत मिसळतातही. शेतीचा कार्यक्रम ऐकायचा तर जवळचे केंद्र उत्तम, छंद म्हणून ऐकायचे तर रात्र उत्तम.

खरखरीचा माग

रेडिओचा खरा शत्रू म्हणजे आजूबाजूची वीज. मोटारींचे स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, स्वस्तातले एल. ई. डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, हे सारे खरखर पेरत असतात. डिझेल इंजिनात ठिणगीचे प्लग नसतात, ही आपल्या बसची जमेची बाजू. पण अल्टरनेटर शिटी घालतो, म्हणून ऐकताना इंजिन बंद. बस गावाबाहेरच्या माळावर, विजेच्या तारांपासून लांब उभी करावी. भारनियमनाला आपण शिव्या देतो, पण रेडिओ त्या वेळी सर्वांत स्वच्छ लागतो.

इंजिन बंद म्हटल्यावर रेडिओसाठी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी हवी. गाडी २४ व्होल्टची असेल तर दोनपैकी एका बॅटरीवरून रेडिओ चालवायचा मोह टाळावा, त्याने दोन्ही बॅटऱ्या विषम भरतात आणि लवकर जातात. हिशोब सोपा आहे. सेट, कर्णा आणि दिवे मिळून ५ अँपिअर धरले तर चार तासांना २० अँपिअर-तास लागतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असा नियम केला, तरी दोन संध्याकाळी निघतात. टपावर २०० वॅटचे सौर पॅनेल लावले तर उन्हाळ्यात दिवसभरात ही भरती होते. पावसाळ्यात गट कार्यालयात चार्ज करावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज असावा.

जिवाशी खेळ नको

या मजकुरावरून कुणी घाईने नजर फिरवू नये. तार ताणताना ती किंवा बांबू विजेच्या लाइनवर पडला तर माणूस जागीच जातो. म्हणून बांबूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरात कुठलीही लाइन नको, वरचीही नको आणि कडेचीही नको. अंधारात एरियल उभे करायचे नाही. वळवाचे ढग आले, लांब गडगडले, की एरियल सेटपासून सोडवून बाहेर अर्थला जोडायचे आणि कार्यक्रम थांबवायचा. बस मोठ्या एकट्या झाडाखाली उभी करायची नाही. कार्यक्रम पुन्हा लागेल.

कोप्यांवरची संध्याकाळ

गाळप हंगामात बस रिकामी राहणार नाही. बीड, अहिल्यानगर भागांतून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या कारखान्याच्या आजूबाजूला पडतात. पहाटे फडात आणि रात्री गाडी खाली झाल्यावर परत, असा त्यांचा दिवस. त्यांच्याशी आपले बोलणे होते ते मोळी बारीक बांधा, बुडखा ठेवू नका, पाचट आणू नका, एवढेच. आठवड्यातून एक संध्याकाळ बस कोप्यांवर नेली, बातम्या, गाणी, बायाबापड्यांच्या आरोग्याचे कार्यक्रम लावले, त्यांच्या मुलुखाकडचे केंद्र रात्री लागते का पाहिले, तर त्यात खर्च काय? जमिनीलगत तोडलेल्या उसात साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो, हे त्यांना हुकूम म्हणून सांगण्यापेक्षा मुकादम आणि मजूर यांच्याशी बसून बोलणे जास्त उपयोगी पडेल. सहा महिने ज्यांच्या कोयत्यावर आपला कारखाना चालतो, त्यांच्यासाठी एक बाक राखून ठेवणे हे उपकार नव्हेत.

शाळेच्या मुलांसाठी सुट्टीत 'दूरचे केंद्र ऐका' असा कार्यक्रम घेता येईल. केंद्र, वेळ, किलोहर्ट्झ, आवाजाची प्रत १ ते ५ अंकांत वहीत लिहायची आणि तो अहवाल केंद्राला पाठवायचा. पुष्कळ केंद्रे उत्तरादाखल चित्रांचे कार्ड पाठवत आली आहेत. भूगोल, विज्ञान आणि पत्रलेखन, तिन्ही एका बाकावर.

पूर आल्यावर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. अशा वेळी पहिल्यांदा वीज जाते, मग मोबाईलची बॅटरी जाते, आणि मनोऱ्याचे डिझेल संपले की रेंजही जाते. अफवा मात्र बंद पडत नाहीत. धरणातून किती पाणी सोडले, कुठला पूल बंद, याची खात्रीची बातमी बॅटरीवरचा साधा रेडिओ देऊ शकतो, कारण केंद्राचे प्रक्षेपण लांबून येत असते. उंचावर उभी केलेली ही बस तिथे बातमीची, दिव्याची आणि मोबाईल चार्ज करण्याची जागा होईल.

१९९३ चा लातूर-किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूज आणि २००४ ची त्सुनामी, या तिन्ही वेळी परवानाधारक हौशी बिनतारी मंडळींनी निरोप पोचवण्याचे मोठे काम केले. आपल्या सभासदांची दोन-तीन मुले ही परीक्षा देऊन तयार झाली, तर संकटकाळी त्यांना बसण्यासाठी एरियल आणि बॅटरीसह जागा आपल्याकडे तयार असेल.

मंडळ नसेल तर बस नको

आता सर्वांत महत्त्वाचे. बस तयार झाली, फीत कापली, फोटो निघाले आणि महिन्याभरात ती पुन्हा कडुनिंबाखाली उभी राहिली, तर लिलावच बरा होता असे म्हणावे लागेल. नव्याचे नऊ दिवस होऊ द्यायचे नसतील तर बसच्या आधी मंडळे उभी राहिली पाहिजेत. शेतकी खात्याची योजना अशी आहे:

१. प्रत्येक गावात पंधरा ते वीस जणांचे मंडळ. त्यात लहान क्षेत्राचे सभासद निम्मे तरी असावेत. महिला सभासदांचे मंडळ वेगळे हवे असेल तर वेगळे, वेळ त्यांच्या सोयीची.

२. एक निमंत्रक, एक वही लिहिणारा. निमंत्रकाने भाषण करायचे नाही, गप्प बसणाऱ्याला बोलते करायचे.

३. अर्धा तास ऐकणे, अर्धा तास चर्चा. शेवटी एकच ठराव, 'या पंधरवड्यात आम्ही अमुक करणार'.

४. पुढच्या फेरीत आधी जुना ठराव वाचायचा. झाला का? नसेल तर का नाही? आमच्या खात्याकडून राहिले असेल तर तेही वहीत लिहायचे.

५. न सुटलेले प्रश्न केंद्राकडे आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडे पाठवायचे. उत्तर आले की ते या पत्रिकेत छापले जाईल.

ज्या गटांतून मंडळांची नावे येतील, त्याच गटांत बसची पहिली फेरी राहील. नावे आलीच नाहीत तर खाते आपली सूचना मागे घेईल आणि बस लिलावात जाईल. भंगाराचे पैसे एकदाच येतात हे खरे, पण खर्च करून रिकामी फिरणारी बस त्याहून महाग पडते.

सभेत या विषयावर अवश्य बोला. विरोध असेल तर तोही मांडा. खर्चाचे अंदाजपत्रक आणि बसचा नकाशा प्रत्येक गट कार्यालयात पाहायला ठेवला आहे. मंडळाची नावे निमंत्रकाच्या सहीने सभेच्या आठ दिवस आधी आपल्या गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे द्यावीत, ही विनंती.